ताटातल्या बापाचे डोळे

तरुणपणी मी भयंकर हुशार होते, असं एकट्या मलाच वाटत असे. चिंचपोकळीला एका इराणी उस्तादाच्या कारखान्यात मी राळ वितळवायचं काम करायची. चांदीचं ताट राळेत घट्ट बसवलं की छिन्नीचा घाव पडूनही ते चेपत नाही. उस्ताद त्यांच्या मुलखातलं जुनं वीरकाव्य पुटपुटत त्यावर लढाया कोरायचे. ओळ संपली की हातोडी थांबायची. मला फारसीचं अक्षर कळत नव्हतं, तरी मी मान डोलवायची. शहाणी ना!

एका ताटावर लढाईत बाप पोटच्या पोराला मारतो, असा प्रसंग होता. पोर आपलंच, हे त्याला कट्यार खुपसल्यावर कळतं. सगळं कोरून झालं, बापाचे डोळे तेवढे राहिले. उस्तादांची नजर अधू झालेली. म्हणाले, "डिकरी, डोळे तू काढ. जमले तर छिन्नी तुझी. नाही जमले तर जन्मभर राळ उकळ."

मी लालबागची. आमच्या चाळीखालीच गणपतींचा कारखाना, डोळ्यांची आखणी बघत वाढलेली. मला कोण डोळे शिकवणार? पदर खोचला आणि कोरले. लांब, शांत, भक्ताकडे मायेनं बघणारे.

उस्तादांनी ताट नाकाला लावून पाहिलं आणि अख्ख्या कारखान्याला हाका मारल्या. "या रे या! पोराच्या छातीत कट्यार घातली, आणि बाप बघा कसा आशीर्वाद देतोय!"

माणसं पोट धरून हसली. एकानं तर ताटाला हात जोडून "मोरया!" केलं. रडू दिसू नये म्हणून मीही दात काढले.

"उस्ताद, पुसून परत काढू?"

"पाटी आहे का पुसायला?"

त्यांनी मला राळ तापवून ताट सोडवायला लावलं, उलटं ठेवायला लावलं आणि हातात लाकडी मोगरी दिली. "हे डोळे तूच सपाट कर."

पहिल्याच घावाला मी डोळे मिटले.

"उघड!" ते ओरडले आणि दाढीचा आरसा माझ्या तोंडापुढे धरला. "हात थांबवू नको. बघ, आपलंच लेकरू मारणारी कशी दिसते. आता हे डोळे काढ."

काढले. जमले. खाली उस्तादांनी स्वतःचं नाव कोरलं, ताट विकलं गेलं, आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात माझे डोळे अजून चहाचे कप सांभाळत असतील. छिन्नी मात्र मिळाली. उस्ताद गेल्यावर बाकीची हत्यारंही माझ्याकडेच आली.

आता परळच्या घरात नात खिडकीशी बसून त्याच बापाचे डोळे कोरतेय. तिचा पहिलाच चेहरा. मघाशी डोकावून आले. डोळे अगदी गोड झालेत. मेली माझ्यावरच गेलीय.

"आजी, बघून रडशील हां!" ती म्हणाली.

"बघू गं, कोण रडतंय ते."

मोगरी हाताशी आहे. आरसाही पदरानं लख्ख पुसून ठेवलाय.