कुसाबाईंचा निळा थर्मास

१२ फेब्रुवारी १९९६. कोंबड्यांच्या गंबोरो रोगावरची नवी लस, एक बाटली, एकशे सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे. द्वारका चौकातल्या पशुऔषधांच्या दुकानात मी तेव्हाही रोखपाल होतो, आजही आहे. दर दोन महिन्यांनी येणाऱ्या सायखेड्याच्या कुसाबाईंनी दीडशे रुपये दिले. सुटे नव्हते, म्हणून मी चॉकलेट पुढे केलं.

"हे काय कोंबड्यांना घालू?" त्या हसल्या. "ऱ्हाऊ द्या, पुढच्या खेपेला मीच मागून घेईल."

आदल्या वर्षी जुनी लस देऊनही त्यांची पाचशेपैकी तीनशे पिल्लं गेली होती. विषाणूच बदलला होता. या वेळी मेली तर शेड पाडणार, असं मुलगा शेखर म्हणाला होता.

"शेड रिकामं असलं की पहाटं जाग येती, पण कानावर काय पडत नाय," एवढं बोलून त्यांनी बाटली बर्फाच्या निळ्या थर्मासात ठेवली.

घरी त्यांनी पिल्लं पटकन पितील म्हणून दोन तास तहानलेली ठेवली आणि लस टिकावी म्हणून विहिरीच्या पाण्यात दूध पावडर कालवून ती पाजली. तरी बावीस मेली. बाकीची जगली. शेड राहिलं.

हे सांगायला शेखर आला. तेव्हापासून तो निळा थर्मास घेऊन लस न्यायला तोच येतो. "आई आता कोंबड्या सोडून हलत नाय," म्हणतो.

बारा वर्षं झाली. निळा थर्मास दिसला की मी अजून त्याच्या मागे कुसाबाईंना शोधतो. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होईन. सुटे मी शेखरकडे दिले नाहीत. त्या स्वतः मागणार होत्या.

कुसाबाईंचे अडीच रुपये माझ्याकडे बाकी आहेत.