वस्ताद मागच्या सीटवरून उठेनात

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या वर्षाराणीला विमानात नोकरी लागली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पहिलं काय विचारलं असेल, तर "खिडकी उघडती का गं त्याची?" वडिलांचा दुधाचा धंदा, घरात विमानात कुणी बसलेलंच नव्हतं. आता ती दोन पंख्यांच्या छोट्या विमानात केबिन क्रू. कोल्हापूरहून हैदराबाद, तिथून परत. मोठ्या विमानांवर गेलेल्या मैत्रिणी चिडवायच्या, "तू तर एसटीची कंडक्टर!" तिला ते आवडायचं. पाणी दिलं, पट्टे बघितले, की आलंच गाव.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीचे पैलवान कुस्त्यांसाठी हैदराबादला निघाले. विमान अर्धं रिकामं. वस्ताद उदयसिंह मागच्या दारानं आत शिरले आणि शेवटच्याच सीटवर बसले. मग सगळे पठ्ठेही तिथंच, त्यांच्याभोवती.

कॅप्टननं निरोप दिला, मागं वजन फार झालंय, माणसं पुढं हलवल्याशिवाय निघता यायचं नाही.

वर्षाराणीनं शुद्ध मराठीत विनंती केली. कुणी हललं नाही.

"वस्ताद उठल्याबिगर आम्ही उठत न्हाय," राजवीर नावाचा आडदांड गडी म्हणाला.

"हितंच बरं हाय," वस्ताद डोळे मिटून म्हणाले. "दार जवळ हाय."

तेव्हा तिचं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. सीटचा दांडा त्यांनी असा आवळला होता, की बोटं पांढरी पडली होती. ती वाकली, हळूच म्हणाली, "पहिल्यांदाच बसलाय व्हय?"

"पोरांना सांगू नगं."

"न्हाय सांगत. पर मागं धक्के लई बसत्यात. मधी, पंखाजवळ बसा, हादरा कमी."

"खरं?"

"मी गडमुडशिंगीची हाय वस्ताद. गाववाल्याला फशिवीन व्हय?"

वस्तादांनी एक डोळा उघडला. मग उठून गरजले, "ए, चला म्होरं सगळी! विमानाचा तोल जातुया तुमच्यापायी, आन् बसलाईसा निवांत!"

पुढचे प्रवासी हसायला लागले. पैलवान मुकाट्यानं पुढं सरकले.

विमान वर गेल्यावर ती पाणी घेऊन आली, तर वस्तादांचे डोळे अजून मिटलेले. "खाली बघा की, नदी दिसतीया."

या विमानाचे पंख वरच्या अंगाला, त्यामुळं खालचं सगळं मोकळं दिसतं. वस्तादांनी भीतभीत मान वळवली आणि हैदराबाद येईपर्यंत ती परत फिरवलीच नाही. ऊस कुठं संपला, हेसुद्धा त्यांनी पोरांना ओरडून सांगितलं.

उतरताना ते दारात थांबले. "परत येताना तूच हाईस न्हवं?"

"सुट्टी हाय माझी."

"मग बदल की!"

तिनं पूर्णिमा नावाच्या सहकारी मुलीशी ड्यूटी बदलून घेतली. परतीच्या दिवशी बघते, तर वस्ताद मधल्या वाटेत उभे राहून एकेका पठ्ठ्याला त्याच्या वजनाप्रमाणं सीट देत होते, आणि त्यांच्यामागं बाकीचे प्रवासी बॅगा घेऊन खोळंबले होते. वर्षाराणीला हसू आवरेना.

"वस्ताद, तुम्ही बसा आधी. लोकं थांबल्यात," ती म्हणाली.