पुसलेले फोटो

लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, तेव्हा दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारलं होतं, "त्यातलं काय हवंच आहे?" मी म्हटलं, "वारलेल्या आईचे फोटो."

आज त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मिळाल्या बघा तुमच्या आई."

वांगी चिरताना कशावर तरी हसणारी, मी इतकी वर्षं जपलेली आई त्यात नव्हती. होती ती दवाखान्यातली, नाकात नळी घातलेली. ते फोटो मी मुद्दाम पुसले होते. पुसलेलं लगेच जात नाही म्हणे. यंत्र नुसतं नाव खोडतं आणि फोटो तिथंच पडून राहतो. आपण मात्र समजतो, सुटलो.

"यातले नको असलेले काढून टाकू?" बाईंनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. आता आई तेवढीच उरली होती.