कप्तानाने दार उघडलं नाही

काचेपलीकडून यानाचा मेकॅनिक दारावर थापा मारत होता. त्याला परग्रहावरचा रोग जडला होता आणि कप्तानाने दार उघडलं नाही. तिथेच भाग संपला. पडद्यावरून नावं सरकायला लागली, तरी मला काचेवरचा तो पंजाच दिसत राहिला.

“बरोबर केलं त्याने,” भाजी वाढून घेत सुहास, माझा नवरा, म्हणाला. “आत सगळं यान होतं.”

“आणि बाहेर माणूस होता!” मी ताट बाजूला सारलं. खोट्या माणसांसाठी मी खरीखुरी भांडते. “बाहेर मी असते तर?”

त्याचा घास हातातच राहिला. “उघडलं असतं.”

“आणि आतले सगळे?”

“म्हणून तर मला कुणी यान देत नाही.”

मला हसू आलं आणि एकदम हलकं वाटलं. असे निर्णय कुणाला तरी खरंच घ्यावे लागत असतील, पुराच्या पाण्यात, दवाखान्यात. त्यांना झोप कशी लागते कोण जाणे. आपल्या वाट्याला आलं ते साधं कडीचं दार.

मागे माझे डोळे आले होते, तेव्हा मी आतल्या खोलीत दार लोटून बसले होते. आत यायचं नाही, असं बजावलंही होतं. हा बावळट “चहा गार होतोय” म्हणत आला, तो तिथेच गप्पा मारत बसला. पुढे दोघंही लाल डोळ्यांनी, काळे चष्मे लावून, शेजारी बसून टीव्हीचा नुसता आवाज ऐकत होतो.

मी ताट पुढे ओढलं.