रविवारचा अर्धा चौकोन

स्टाफरूममधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पण चार माणसं रोज एकाच टेबलावर डबे उघडतात, एकमेकांच्या भाजीत पोळी बुडवतात, तिथं ते साचणारच. आमच्याकडचे बरेचसे हसण्यावारी नेण्याजोगे आहेत. हे प्लॅनरचे मात्र सांगायला घेतले की आजही माझं डोकं तापतं, तेव्हा मध्ये बोलू नका.

झालं असं, की मला केंद्रप्रमुखाची परीक्षा द्यायची होती. इतकी वर्षं शाळेवर येणाऱ्या साहेबांना चहा दिला, म्हटलं आता त्या खुर्चीत आपण बसून बघू. पण शाळा आर्णीपासून आत, जाण्यायेण्यात जीव जातो, आणि घरी पाय ठेवला की घर अंगावर येतं. अभ्यासाला वेळ मिळेना, पगार कुठं जातो तेही कळेना. तेव्हा मी आणि माझ्या शेजारच्या वर्गावरच्या राठोड मॅडम, दोघींनी ठरवलं, एकेक प्लॅनर घ्यायचा. खर्च मांडायचा, आठवडा मांडायचा आणि रविवारची दुपार माझ्या अभ्यासाला राखून ठेवायची. एवढंच मागणं होतं हो माझं!

*

आधी आर्णीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने न विचारताच गुलाबी फुलाफुलांचा प्लॅनर पुढे टाकला. "लेडीजचा हा आहे."

उघडला. पहिल्या पानावर आठवड्याचा स्वयंपाक. दुसऱ्यावर आज पाणी किती ग्लास प्यायलात. खर्चाच्या पानावर पार्लर, शॉपिंग, गिफ्ट. किराणा नाही, पेट्रोल नाही, पोरांची फी नाही. आम्ही काय पार्लरमध्ये राहतो? बाजूला एक काळा होता, त्यात मीटिंग, टार्गेट, बचत. तो म्हणे जेन्ट्सचा.

"अभ्यासाले जागा कोणत्यात आहे?" मी विचारलं.

"कोणत्या वर्गात आहे लेकरू?"

"लेकराचा नाही. माझा अभ्यास."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग प्लॅनर कायले घेता मॅडम? दोनशेपानी वही घेऊन जा."

*

मग मोबाइलवरून मागवला. कागद जाड, बांधणी सुरेख. सोमवार ते शुक्रवार प्रत्येकाला ऐसपैस चौकोन आणि शनिवार-रविवार मिळून एक. म्हणजे माझ्या रविवारच्या वाट्याला अर्धा चौकोन! त्यात आठवड्याचे कपडे, दळण, निवडणं-टिपणं, आलं-गेलं आणि उरलं तर अभ्यास. पान बघून माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या.

राठोड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ज्यानं हे छापलं ना, त्याले रविवारी आयतं ताट भेटत असन."

परत पाठवायचं ठरवलं. परत पाठवताना कारण विचारतात, यादीतूनच निवडावं लागतं. रंग वेगळा, पानं फाटकी, उशिरा मिळाला. रविवार लहान आहे, असं कारण त्यात नव्हतं. मी रागारागात 'वस्तू अपुरी आली' यावर बोट दाबलं.

त्यांनी माफी मागितली आणि तस्साच दुसरा पाठवला.

*

शेवटी राठोड मॅडम माहेरी पुसदला गेल्या, तिथून त्यांनी दोन साधे प्लॅनर आणले. सात सारखे रकाने, वारांची नावं आपली आपण घालायची. खर्चाची पानंही कोरी. हाच पक्का केला.

मी सोमवारपासून सुरुवात केली. राठोड मॅडमनी गुरुवारपासून. गावचा बाजार गुरुवारचा. त्यांच्या तांड्यावर मजुरी, भाजीपाला, तेल-तिखट, सगळं बाजार ते बाजार चालतं. "सोमवारी काय असते हो?" त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत तर हात रिकामा झालेला असते." वारांची नावं त्यांनी लिहिलीच नाहीत. कोणता रकाना कोणाचा, ते त्यांना माहीत होतं.

आमच्या मुख्याध्यापक सरांना वरून आलेलं पत्र वाचायचा भारी कंटाळा. प्रशिक्षण कधी आहे ते त्यांनी टेबलावर उघड्या पडलेल्या राठोड मॅडमच्या प्लॅनरमध्ये पाहिलं. तिसरा रकाना. सोमवार, मंगळवार, बुधवार! तशी नोटीस काढली. राठोड मॅडमना वाटलं, तारीख बदलली असेल. बुधवारी अख्खा स्टाफ आर्णीला गेला, तर हॉलला कुलूप. प्रशिक्षण शनिवारी.

"सर, पत्र काहून नाही वाचलं?" राठोड मॅडमनी विचारलं.

सर उलट त्यांच्यावरच उखडले. "तुमचा आठवडाच चुकीचा आहे, मॅडम. उद्यापासून सोमवारी सुरू करा."

"तुम्ही बाजार सोमवारी भरवून द्या, मी लगेच बदलवते."

*

आता घरचं ऐका. खर्चाच्या पानावर मी रकाने आखले आणि आमच्या ह्यांना सांगितलं, तुमचा खर्च तुम्ही लिहा. महिनाअखेरीला बघते तर औषधांचा रकाना खच्चून भरलेला. घरात कोणाला साधी सर्दी नाही.

"कोणाची औषधं आहेत ही?"

"खर्रा आहे तो."

"तंबाखू-सुपारीचा खर्रा औषधात?"

"त्याच्याबिगर मले सकाळी पोट साफ होत नाही."

आणि माझं परीक्षेचं गाईड? त्याच्यासाठी ह्यांनी पट्टीने एक नवीन रकाना आखला होता. वर नाव दिलं होतं, 'हौस'.

*

परीक्षा तोंडावर आली. त्या रविवारच्या दुपारी मी लाल पेनाने 'अभ्यास' लिहून भोवती चौकट केली होती. शनिवारी संध्याकाळी पान उघडलं, तर चौकटीवरूनच निळ्या पेनाने लिहिलेलं, 'दादा अन् मंडळी जेवायले. आठ जण. गोळाभात.'

"हे काय?" मी विचारलं.

"तूच म्हणते ना, सारं प्लॅनरमध्ये लिहीत जा? लिहिलं."

मी प्लॅनर मिटला.

रविवारी सकाळी आंघोळ केली, प्लॅनर गॅसच्या ओट्यावर उघडा करून ठेवला, गाईड डिक्कीत टाकलं आणि स्कूटी काढून राठोड मॅडमचं घर गाठलं. त्यांनी समोरची खोली रिकामी करून दिली, पंखा लावला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

जेवणाच्या वेळेला फोन वाजला. मागे भाऊजींचा, पोरांचा आवाज.

"अवं, कुठं आहेस तू? सारे येऊन बसले. इथं तर जेवण लिहून आहे."

"हो, पाहिलं मी."

"मग?"

"अक्षर कोणाचं आहे ते पाहा," मी म्हटलं, आणि पुढच्या प्रश्नाला लागले.