शिरूरच्या स्टँडवरची पाटी

भामाबाईंच्या दोन्ही लेकरांची माहिती ऐकली आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली. माणूस कुठल्या वस्तीत वाढला यावर त्याची कमाई किती ठरते, याची आमच्या कॉलेजची पाहणी चालली होती. सरांना आकडे हवे होते, मला पदवी. बीडमध्ये दारोदार फॉर्म भरून माझ्या चपला झिजल्या होत्या. आणि इथं तर चक्क जुळी भावंडं! आठव्या वर्षी आम्रपाली आईबरोबर बीडला आली, बाळू शिरूर कासारला चुलत्याकडे राहिला. आज ती दवाखान्यात नर्स आहे, तो ऊस तोडतो. वस्तीचाच फरक, दुसरं काय! मी रकान्यात खूण करायला पेन टेकवलंसुद्धा.

"थांब पोरी," भामाबाई म्हणाल्या. "वस्तीचं काय घिऊन बसलीस? मी निवडलं व्हतं."

नवरा गेला तेव्हाची गोष्ट. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या बाईला मुकादम टोळीत घेईना. बीडच्या एका खानावळीत भाकरी थापायचं काम मिळालं, मागे राहायला खोलीही मिळाली. मालकाची अट एवढीच, की लेकरू एकच आणायचं.

"हुशार असंल ते शेरात टिकंल, असं वाटलं मला. आदल्या दिशी दोघांना सांगितलं, उंद्या जो गाडीची पाटी वाचंल त्यो माज्यासंगं."

शिरूरच्या स्टँडवर गाडी आली. आम्रपालीनं ताडकन वाचलं, "बीड." बाळू मान खाली घालून उभा राहिला.

मला राग आला, तोही स्वतःचाच. हुशार पोर निवडून शहरात न्यायचं, आणि वर शहरानंच त्याला पुढं आणलं म्हणायचं! माझ्या पिशवीतल्या बाकीच्या फॉर्मांतली माणसं तरी कुठं आपसूक त्या त्या वस्तीत जाऊन पडली होती? कुणी हिंमत करून आलेली, कुणी कुणाला मागं ठेवून आलेली. हे विचारायला फॉर्मात रकानाच नव्हता.

"आमरी तितंच ऱ्हायली असती तरी शिकली असती का? अन् बाळूला आनलं असतं तर?" वीस वर्षं भामाबाईंना या प्रश्नानं झोप लागू दिलेली नाही. शिरूरच्या स्टँडवर त्या पुन्हा पाय ठेवत नाहीत. वडापच्या जीपनं जातात, अलीकडेच उतरतात. गाडीचा हॉर्न वाजला की मान खाली घातलेलं ते आठ वर्षांचं पोर समोर येऊन उभं राहतं म्हणे. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, अगदी आताचा मोठा झालेला बाळू समोर जेवत असला तरीसुद्धा.

बाळूचा फॉर्म भरायला आम्ही दोघी शिरूरला गेलो. तो अंगणात कोयत्याला धार लावत होता. मी प्रश्न विचारायला लागले, तर त्यानं कागद हातातून घेतला आणि स्वतःच वाचू लागला, "सदर वस्तीतील वास्तव्याचा कालावधी." कुठंही अडखळला नाही. भामाबाईंचा चेहरा उतरला.

"तुला वाचाया कवा आलं रं?"

"दुसरीतच की, माय."

"मंग त्या दिशी पाटी?"

बाळूनं कोयता पुन्हा दगडावर घासला. "आमचं दोगांचं ठरलं व्हतं, कुनीच वाचायची न्हाई. मंग तू जानारच न्हाईस, असं वाटलं." अंगठ्यानं धार चाचपत म्हणाला, "आमरी बोलली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. भामाबाई बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

परतताना त्या जीपकडे वळल्या नाहीत, सरळ स्टँडवर गेल्या आणि बाकावर बसल्या. गाडी लागली. त्यांना वाचता येत नाही.

"पोरी, पाटीवर काय लिवलंय?"

"बीड," मी वाचलं.

त्या उठल्या नाहीत. पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "तू जा. आमरीला सांग, माय बाळूकडं ऱ्हायली. का म्हून, ते मातर सांगू नको."

मी एकटीच गाडीत चढले.