वरची बाग की खालची: पितळखोऱ्याहून वाइन चाखायला

निघायचं ठरलं ते फोनवरच्या एका बोलण्यामुळे. देवगाव रंगारीच्या अलीकडे एक छोटी द्राक्षबाग आहे, तिथं घरचेच लोक वाइन करतात आणि ओसरीवर बसवून चाखवतात, असं कानावर आलं होतं. मी सहज चौकशी केली. पलीकडून वंदनाताई बोलत होत्या. बाग त्यांची आणि त्यांच्या सासऱ्यांची.

"यायचं तर याच रविवारी या," त्या म्हणाल्या. "सोमवारी छाटणीची टोळी येतीये. आमच्या दोन बागा आहेत आणि पाणी एकीपुरतंच आहे. दोन्हींची चाखा, कुठली आवडली ते सांगा. जास्त लोक म्हणतील ती ठेवायची."

"म्हणजे मतदान?"

"व्हय. माणशी चारशे रुपये. जेवण धरून."

मतदारानंच पैसे मोजायचे, हा प्रकार मला नवा होता. आजवर उलटंच ऐकत आलो होतो.

ज्यांना द्राक्षं फक्त हातगाडीवर भेटतात त्यांच्यासाठी सांगतो. माल उतरला की एप्रिलात वेल खरडून छाटतात. नंतरचे दोन महिने त्याला पाणी लागतं, म्हणजे लागतंच. त्या पाण्यावर जी काडी तयार होते तिच्यावर पुढच्या वर्षीचा घड येतो. न छाटता, न भिजवता सोडलेली बाग एखादं वर्ष तग धरते, मग तिचं सरपण होतं. आमच्याकडे सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. तेव्हा वंदनाताईंच्या प्रश्नाचा अर्थ 'कुठली आवडली' एवढाच नव्हता, 'कुठली जाऊ दे' असाही होता. फोन ठेवल्यापासून ते माझ्या डोक्यात भुणभुणत राहिलं. घरात बसवेना. तसंही छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्याच्या रविवारी माणसं घरी बसतात ती नळाच्या आशेनं, आणि आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस नुकताच होऊन गेला होता.

एक चूक मात्र झाली. भिंतीवर पंचांग, अंगात बारा वर्षांचं संस्कृत, लोकांना तिथी सांगण्याची हौस. आणि रविवारी एकादशी आहे हे मी पाहिलंच नाही. बायकोनं, शुभदानं, शनिवारी रात्री साबुदाणा भिजत घातला तेव्हा उजेड पडला.

"द्राक्षं चालतात उपासाला," मी म्हणालो.

"हो, आणि तांदूळ चालत नसले तरी अक्षता चालतात. तुमचं शास्त्र गाडीत ठेवा. मी येणार आहे, पण पितळखोऱ्यासाठी."

पहाटे निघालो. तुम्हीही पहाटेच निघा, कारण ऊन दहालाच अंगावर येतं. धुळ्याचा रस्ता आता इतका रुंद झालाय की त्यावर काही घडत नाही. पूर्वी या वाटेला दोन्ही बाजूंनी वड होते. आता प्लॉटिंगच्या पाट्या आहेत, आणि त्या वडांपेक्षा दाट आहेत. 'समृद्धीपासून दहा मिनिटं.' 'निसर्गाच्या कुशीत एन.ए. प्लॉट.' निसर्गाच्या त्या कुशीत चार कोपऱ्यांवर चुन्याचे दगड, मधोमध वाळलेली तुळस आणि एक कमान होती. वेरूळकडे वळणाऱ्या बसगाड्यांना आम्ही सोडून दिलं. पाण्याचे टँकर मात्र सबंध रस्ताभर सोबतीला होते. मागून गळणाऱ्या टँकरच्या मागे गाडी ठेवली की काच आपोआप धुतली जाते, ही आमच्या भागातली प्रवासयुक्ती. फुकट आहे, वापरा.

कन्नडला चहा घेतला. खाण्याचं सामान इथूनच घ्या, पुढे काही मिळत नाही. मी दोन वडे खाल्ले, शुभदानं ते खाताना माझ्याकडे पाहिलं. तिथून गौताळ्याच्या जंगलाच्या कडेकडेनं पठारावर जायचं. रस्ता बरा आहे, अधूनमधून रस्ता नाही. पठारावर गाडी लावून पायऱ्यांनी दरीत उतरायचं. लेणं खालच्या घळीत आहे, त्यामुळे जाताना सोपं आणि येताना शिक्षा. तिकीट नव्हतं. पहारेकरीकाका होते.

"अत्तर-बित्तर लावलंय का?" त्यांनी पहिलं तेच विचारलं. "आग्या मोहोळं आहेत वर. वासानं उठतात."

मी म्हणालो, "गंमत आहे. इथल्या एका खांबावर लिहिलंय की तो पैठणच्या गंधिकाच्या घराण्यानं दान दिला. गंधिक म्हणजे अत्तरवाला."

"असंल. आता आला तर त्यालाबी हितंच थांबवीन."

पितळखोरं वेरूळइतकं देखणं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ते फार जुनं आहे, दोन हजार वर्षांच्या पलीकडचं, आणि फार पडलेलं आहे. चैत्यगृहाचा पुढचा भाग कधीच घळीत गेला. उरलेल्या खांबांवर रंगांचे पुसट तुकडे, ढासळलेल्यांच्या जागी अलीकडे उभारलेले खांब. खाली जोत्यावर हत्तींची रांग आहे, कुणाला सोंड नाही, कुणाला तोंड नाही, पण खांद्यांवर इमारत पेलल्याचा भाव अजून तसाच. दाराशी दोन रखवालदार उभे आहेत, अंगरखे घातलेले, चेहरे शांत. ज्याची राखण करायची ते निम्मं वाहून गेलं याची त्यांना कुणी खबर दिलेली नाही.

कॉलेजची पोरंपोरी होती. त्यांतला एक मला म्हणाला, "काका, यूट्यूबवर तर इथं धबधबा दिसतो."

"तो श्रावणात. आता दगड बघा, ते बारा महिने असतात."

एरवी अशा ठिकाणी मी तास तास घालवतो. त्या दिवशी पाय ठरत नव्हता. एका खांबाशी उभा राहिलो की दुसरा दिसे, आणि मनात येई की खोदणाऱ्यांपुढेही कधी हा प्रश्न आला असेल का, हा ठेवू की तो. शुभदा हत्तींसमोर दगडावर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होती.

"तुम्ही लेणं बघताय की बस चुकलेल्या माणसासारखे येरझारा घालताय?"

"त्या बाईला काय सांगायचं, विचार करतोय."

"अजून चाखली नाही. आधीच विचार?"

पायऱ्या चढताना ती माझ्या पुढे होती, उपास असूनही. याबद्दल अधिक लिहीत नाही.

परत कन्नडला येऊन देवगाव रंगारीचा रस्ता धरला. कपाशीची रानं मोकळी पडलेली. शिवनेच्या पुलावरून जाताना सवयीनं खाली पाहिलं. पात्रात क्रिकेट चाललं होतं. वंदनाताईंची खूण बरोबर होती: जिथे चारी बाजू करड्या आणि एकच तुकडा हिरवा दिसेल तिथे वळा.

घर साधं, पुढे पत्र्याची ओसरी. वंदनाताई पन्नाशीच्या आतल्या, पूर्वी शहरात शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवरा वाळूजच्या कंपनीत, आठवड्याला येणारा. ओसरीच्या टोकाला बाजेवर त्यांचे सासरे, तात्या. धोतर, टोपी, सत्तरी कधीच ओलांडलेली.

"या. पाणी देऊ का?" तात्या म्हणाले. "इचारून देतो, राग मानू नका. पयले न इचारता तांब्या भरून ठेवायचो. अर्धं सांडून लोक जायचे."

आम्ही अर्धा-अर्धा पेला घेतला आणि संपवला.

मग वंदनाताईंनी बागा दाखवल्या. वरची तात्यांनी लावलेली, मुरमाड चढावर. खालची त्यांनी स्वतः, शाळा सोडून आल्यावर, ओढ्याकाठच्या जरा खोल मातीत. दोन्हीकडे शिराझच, वाइनचं द्राक्ष. तात्यांनी ते लावलं, वाढवलं, वर्षानुवर्षं कारखान्याला विकलं. पण वाइन चव म्हणून घोटभरही घेतलेली नाही. वंदनाताई सांगत होत्या ते सगळं वरच्या बागेचं. मुळं किती खोल गेलीत, घड लहान पण रंग कसा धरतात, गारपिटीच्या साली तात्या रात्रभर कसे जाळ्या बांधत होते. खालच्या बागेतून आम्ही नुसते चालत गेलो.

मला राहवलं नाही. म्हणालो, "द्राक्षाला संस्कृतात मृद्वीका म्हणतात. मऊ, नाजूक असा अर्थ आहे त्यात."

तात्या मागून काठी टेकत येत होते. "नाव लई चांगलं हाय, गुरुजी. पाणी किती पिते ते हाय का पोथीत?"

जेवण झालं. मला ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. शुभदासाठी वंदनाताईंनी न सांगता भगर टाकली होती. मग टेबलावर दोन बाटल्या आल्या आणि दोन काचेच्या बरण्या. एकीवर खडूनं 'वर', दुसरीवर 'खाली'. बरण्यांत बाटल्यांची बुचं होती, एका पाहुण्याचं एक. 'वर' गळ्यापर्यंत भरलेली. 'खाली'च्या तळाशी चार-पाच.

वंदनाताईंनी आधी वरची ओतली. ती संपल्यावर त्याच ग्लासात खालचीचा एक घोट टाकला, फिरवला, बादलीत ओतला आणि पुन्हा भरला.

"पाण्यानं नाही विसळत?" मी विचारलं.

"गेल्या साली सोडलं. वाइन आमच्याकडं आहे, सर. पाणी विकत येतं."

शुभदा म्हणाली, "माझी एकादशी आहे. मी नुसता वास घेते, चालेल का?"

"चालतंय की वहिनी. निम्मी वाइन नाकानंच पितात."

मी चाखलं. वरचीला मिऱ्यासारखी धार होती, मागे काहीतरी मातकट, चांगलं. खालची मऊ, गोल, लवकर संपणारी. निदान मला तसं वाटलं. समोर तात्या बसले होते, हात काठीवर, नजर दुसरीकडे. माणूस आपल्याबद्दलची चर्चा ऐकताना जसा दुसरीकडे पाहतो तशी. मी म्हणालो, "वरची." आणि माझं बूच 'वर'मध्ये टाकलं. टाकलं म्हणजे वर ठेवलं, आत जागा नव्हती.

वंदनाताईंचा चेहरा उजळला. "बघा तात्या! मी म्हणलं नव्हतं?"

शुभदानं दोन्ही बाटल्या हुंगल्या, पुन्हा हुंगल्या, आणि बूच 'खाली'त टाकलं. जवळजवळ रिकाम्या बरणीत ते टकन वाजलं.

"वहिनी, नक्की?" वंदनाताई म्हणाल्या.

"नक्की."

तात्यांनी काठी बाजेला टेकवली. "एक ग्लास हिकडं द्या."

"तात्या! तुम्ही?"

"सगळ्या गावाला इचारलंस. मला नाय इचारलं."

"तुम्हाला काय विचारायचं? तुमचीच बाग राहतीये."

"मंग दे की."

त्यांनी ग्लास घेतला नाही. उजवा तळहात खोलगट करून पुढे केला. वंदनाताईंनी वरचीचे चार थेंब तळहातावर सोडले, त्यांनी तीर्थासारखे प्यायले आणि ओला हात सवयीनं डोक्यावरून फिरवला. मग खालचीचे. पुन्हा डोक्यावरून हात. तोंड दोन्ही वेळा सारखंच वाकडं झालं.

"दोन्ही आंबट," ते म्हणाले. "खालची ठेव."

"का पण?"

"वरची मी लावली तवा हिरीला बारमाही पाणी हुतं. पाणी बघून लावली. तू पाणी नसताना लावली अन् जगवली. कुनाला जगायचं कळतंय मंग?"

"लोकांनी वरची म्हणलंय, तात्या. बरणी बघा."

"लोक चारशे रुपये देऊन आले अन् म्हाताऱ्याम्होरं बसले. काय म्हणतील?" मग माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, "तुम्ही नाय हो, गुरुजी."

छाटणीला हात लावायच्या आधी पहिल्या वेलाशी नारळ फोडायचा, अशी त्या घरची रीत. वंदनाताईंनी तो वरच्या बागेसाठी आणून ठेवला होता. तात्या नारळ आणि कात्री घेऊन उठले. "एकादशी हाय, दिवस चांगला हाय. उद्याची वाट कशाला?" आणि ओढ्याच्या बाजूला उतरू लागले. वंदनाताई दोन पावलं मागे होत्या, पदर तोंडाशी धरून. तात्या मला म्हणाले, "म्हणा काहीतरी, गुरुजी." मला इतकं पाठ आहे, पण त्या क्षणी फक्त गणपतीचं, पोरांना शिकवतात ते आठवलं. तेच म्हटलं. नारळ एका फटक्यात फुटला. पाणी तात्यांनी वेलाच्या बुडाशी नीट धरून ओतलं, बाहेर थेंब जाऊ न देता. मग पहिली काडी वंदनाताईंच्या हातानं कापून घेतली.

निघताना दोन बाटल्या घेतल्या, वरची एक, खालची एक. गाडीत मी बराच बोललो. रस्त्यांबद्दल, टँकरबद्दल, वाटेत दिसलेल्या एका पक्ष्याबद्दल. शुभदानं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पारणं झालं, संध्याकाळी मी दोन्ही बाटल्या उघडल्या. शुभदाला म्हणालो, मी पाठ करतो, तू दोन स्टीलच्या पेल्यांत ओत, मी ओळखतो. पहिला घोट घेतला. मिऱ्याची धार, मागे मातकट काहीतरी.

"ही वरची."

"खालची," शुभदा म्हणाली.

पुन्हा घेतला. पुन्हा चुकलो. तिसऱ्यांदा बरोबर आलं, पण तोवर मी अंदाजानं बोलत होतो.

"तुला तरी वासात काय सापडलं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काही नाही. घळीतली धूळ आत गेल्यापासून नाक बंदच होतं माझं."

"मग खालची कशावरून?"

तिनं पेले उचलले. "ती बाई आपण गेल्यापासून सासऱ्यांच्या बागेचं सांगत होती. आधी त्यांचीच ओतत होती. स्वतःच्या वेलांबद्दल एक वाक्य नाही. म्हटलं, तिच्या बाजूनं एक तरी बूच असू दे."

तेव्हा जाणार असाल तर जा. पितळखोरं सकाळी करा, भरपूर पाणी सोबत न्या आणि अत्तर घरी ठेवा. दुपारी देवगाव रंगारीकडे वळा. आता तिथे एकच वाइन मिळेल, खालच्या बागेची. वर खांब आणि तारा दिसतील, त्यांवर वाळके वेल. वंदनाताई ग्लास पुढे करतील आणि कशी वाटली विचारतील. बाजेवर कोण बसलंय ते आधी पाहू नका. मी पाहिलं होतं, आणि मला शिराझची चव कशी लागते हे अजून माहीत नाही.